निकाल बाकी आहे, तरी वरच्या कोर्टात जाता येतं?

खटला चालूच असतो, शेवटचा निकाल कुठल्या कुठे असतो आणि मध्येच कोर्ट एखादा असा हुकूम देतं की घरादाराची झोप उडते. लगेच अपील करायचं की निकालाची वाट पाहत बसायचं? नको तिथे धावणं आणि हवं तिथे गप्प राहणं, दोन्ही महागात पडतं.

जुन्या रायपुरची गर्दी मागे टाकून नवा रायपुरात शिरलं की रुंद रस्ते लागतात, सेक्टरांच्या पाट्या लागतात. छत्तीसगड सरकारचं मंत्रालय म्हणजे महानदी भवन इथलंच. २०१८ साली या शहराच्या नावापुढे 'अटल नगर' जोडलं गेलं. याच परिसरात उपरवारा गावाजवळ एक विद्यापीठ आहे. वकील आणि न्यायाधीश घडवणारं. २००३ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला नाव दिलंय ते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांचं.

हिदायतुल्ला रायपुरचे विद्यार्थी. १९२२ साली इथल्या सरकारी हायस्कुलातून शिक्षण संपवून ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, पुढे केंब्रिजला. परत येऊन नागपूरच्या हायकोर्टात वकिली केली, १९५४ मध्ये त्याच कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. रायपुर आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात होतं, त्यामुळे रायपुरच्या माणसाला 'वर' जायचं तर नागपूर गाठावं लागे. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांना ते सोयीचंच असणार! १९५६ नंतर 'वर' म्हणजे जबलपूर झालं आणि २००० साली छत्तीसगड वेगळं झाल्यावर बिलासपूर. राजधानी रायपुरला, पण हायकोर्ट शंभराहून अधिक किलोमीटरवर. कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी हे अंतर नुसतं भूगोलाचं नसतं. बसचं भाडं, दुसरा वकील, दुसरी फी आणि बुडालेला दिवस.

म्हणूनच प्रश्न महत्त्वाचा. निकाल लागलेला नाही, पण मधलाच एखादा हुकूम विरुद्ध गेला, तर ही सारी धावपळ करायची की नाही? गंमत अशी की या प्रश्नावरच्या देशातल्या सर्वांत गाजलेल्या खटल्यांपैकी एकात रायपुरच्या या माजी विद्यार्थ्याने एकट्याने वेगळा सूर लावला होता. आणि त्या खटल्यातली बाकीची बरीच मंडळी मराठी होती.

'ही साक्ष छापू नका!'

१९६० साली मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात गिरणीमालक कृष्णराज ठाकरसी यांच्यावर एक सणसणीत लेख आला. ठाकरसींनी संपादक रूसी करंजिया यांच्यावर ३ लाख रुपयांच्या भरपाईचा बदनामीचा दावा लावला. त्या काळातले ३ लाख! दावा मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यापुढे उभा राहिला.

ऑक्टोबर १९६४ मध्ये एका व्यापारी साक्षीदाराने न्यायमूर्तींना विनंती केली. आधीच्या साक्षीचा वृत्तांत पेपरात आला आणि माझ्या धंद्याला फटका बसला, आता निदान पुढची साक्ष तरी छापली जाऊ नये. तारकुंडेंनी ती मान्य केली आणि भर कोर्टात तोंडी हुकूम दिला की या साक्षीचा वृत्तांत प्रसिद्ध करायचा नाही.

आता पाहा. दावा संपलेला नाही. हुकूम मधलाच. पण त्याचा फटका बसला तो दाव्यात वादी नसलेल्या, प्रतिवादीही नसलेल्या एका माणसाला. ते होते 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर. त्यांनी निकाल लागेपर्यंत थांबावं का? बातमी म्हणजे काही लोणचं नव्हे, मुरल्यावर चव यायला! ते आधी हायकोर्टात गेले. न्यायालयीन हुकुमावर रिट चालत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवण्यात आलं. मग मूलभूत हक्क घेऊन ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे एक नव्हे, दोन नव्हे, नऊ न्यायमूर्ती बसले. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. ३ मार्च १९६६ रोजी निकाल आला आणि मिरजकर हरले. बहुमताचं म्हणणं असं की न्यायाधीशाने आपल्यापुढच्या कामात दिलेला हुकूम चुकीचा असू शकतो, पण त्याने कुणाचा मूलभूत हक्क हिरावला असं म्हणता येत नाही. चूक वाटली तर अपिलाची वाट धरावी. शिवाय हा हुकूम दावा चालू असेपर्यंतचाच समजायचा, कायमचा नव्हे.

नवांपैकी एकट्या हिदायतुल्लांना हे पटलं नाही. न्यायाधीशाचा हुकूम झाला म्हणून तो मूलभूत हक्कांच्या कक्षेबाहेर कसा जाईल, असा त्यांचा सवाल होता. त्यांचं मत अल्पमतात राहिलं. ज्यांच्या हुकुमावरून हे रामायण घडलं ते सासवडचे तारकुंडे मात्र पुढे निवृत्त होऊन नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू झाले. इतिहासाला असल्या थट्टा आवडतात!

हा निकाल जुना म्हणून सोडून देण्यासारखा नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानेच दिवाणी कोर्टांच्या मधल्या हुकुमांविरुद्ध रिटचं दार बरंच उघडलं होतं. २०१५ मध्ये तिघा न्यायमूर्तींनी ते बंद केलं, आणि त्यासाठी आधार घेतला तो मिरजकरांच्याच निकालाचा. आता दिवाणी कोर्टाच्या हुकुमाविरुद्ध घटनेच्या कलम २२६ खाली रिट चालत नाही. उरतो तो कलम २२७ खालचा हायकोर्टाचा देखरेखीचा अधिकार. तोही मागणाऱ्याचा हक्क नव्हे, हायकोर्टाची मर्जी. २०१० साली मुंबईतल्या एका घरमालक-भाडेकरू वादात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच बजावलं की हा अधिकार क्वचित वापरायचा असतो, ऊठसूट नव्हे.

सगळ्यांवर अपील का नाही?

कुणालाही वाटेल, चूक झाली तर ती तिथल्या तिथे सुधारावी, वाट कशाला पाहायची? पण जरा हिशेब मांडा. एका दाव्यात निकालापर्यंत वीसेक तरी लहानमोठे हुकूम होतात. कैफियत उशिरा आली ती घ्यायची की नाही, दाव्यात दुरुस्ती करू द्यायची की नाही, अमुक कागद पुराव्यात येईल का, साक्षीदाराला परत बोलवायचं का. यातल्या प्रत्येकावर वर जाता आलं आणि प्रत्येक वेळी खालचं काम थांबलं, तर आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातवाच्या मुंजीलाही लागणार नाही! ज्याला वेळ काढायचाय त्याच्या तर हातात कोलीतच.

म्हणून साऱ्या जगात साधारण एकच नियम दिसतो: अपील शेवटच्या निकालावर. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत तो फार कडक आहे, तरी मनाई हुकमासारख्या गोष्टींना तिथेही सूट आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा आधी परवानगी काढावी लागते. आपल्याकडे १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने तिसरी तऱ्हा काढली. कोणत्या मधल्या हुकुमांवर अपील चालेल त्याची यादीच देऊन टाकली. वकील मंडळी तिला 'ऑर्डर त्रेचाळीस' म्हणतात. यादीत नाव असेल तर अपील, नसेल तर नाही.

यादीत नाही म्हणजे चूक कायमची गिळायची का? नाही. हीच गोष्ट बहुतेक पक्षकारांना ठाऊक नसते आणि घाबरून ते पैसे घालवतात. संहितेचं कलम १०५ सांगतं की ज्या हुकुमावर अपील नव्हतं, त्यातली चूक अंतिम निकालावरच्या अपिलात मांडता येते. चुकीमुळे निकालावर परिणाम झाला असला म्हणजे झालं. १९६० सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध केलं. तुमचा एखादा कागद कोर्टाने पुराव्यात घेतला नाही, तर हक्क बुडाला असं समजू नका. वकिलाला हरकत नोंदवायला सांगा आणि पुढे चला. तो मुद्दा फाइलमध्ये जिवंत राहतो.

रिव्हिजनची, म्हणजे पुनरीक्षणाची, एक वाट असते. पूर्वी ती बरीच रुंद होती. १ जुलै २००२ पासून ती अगदी पायवाट झाली आहे. आता कसोटी एकच. तुमचं म्हणणं मान्य झालं असतं तर दावा तिथल्या तिथे संपला असता का? उदाहरणार्थ, 'हा दावा कायद्याने चालूच शकत नाही, फेटाळा' असा अर्ज तुम्ही केला आणि कोर्टाने नाकारला. मान्य झाला असता तर दावाच संपत होता, म्हणून रिव्हिजन चालेल. साक्षीदार परत बोलवण्याचा अर्ज नाकारला? त्याने दावा संपत नव्हता. रिव्हिजन नाही.

निशाणी पाच

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुका कोर्टाच्या आवारात दोन मिनिटं उभे राहा, 'निशाणी पाच' हा शब्द कानावर पडेलच. दाव्यासोबत येणारा तूर्तातूर्त मनाई हुकमाचा अर्ज. दावा लागेल तेव्हा लागेल, तोवर समोरच्याने भिंत बांधू नये, जमीन विकू नये, वहिवाट अडवू नये एवढंच मागणं. पण पुष्कळ दाव्यांचा जीव या अर्जातच असतो. भिंत उभी राहिली, जमीन तिसऱ्याच्या नावावर गेली, की दहा वर्षांनी जिंकून हातात काय येणार?

म्हणूनच हा हुकूम 'त्रेचाळीस'च्या यादीत आहे. मनाई दिली तरी अपील, नाकारली तरी अपील. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाचा हुकूम असेल तर ते साधारणपणे जिल्हा न्यायालयात जातं. यादीत आणखीही काही आहे. मालमत्तेवर रिसीव्हर नेमणं, गैरहजेरीमुळे फेटाळलेला दावा परत लावून न घेणं, तुमच्या पाठीमागे झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला नकार देणं. या साऱ्यांत एक धागा आहे. निकालापर्यंत थांबलं तर जे जाईल ते परत मिळत नाही.

तरी फार आशा धरू नये. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की अशा अपिलात वरच्या कोर्टाने 'मी असतो तर वेगळा हुकूम दिला असता' एवढ्यावर ढवळाढवळ करायची नाही. खालच्या न्यायाधीशाने मनमानी केली असेल किंवा कायद्याची ठरलेली तत्त्वंच सोडून दिली असतील तरच हात घालायचा. शिवाय हे अपील हरलं तर त्यावर दुसरं अपील नाही. मग उरतं ते मघाचं २२७.

वाटणीतला सापळा

आता एक असा हुकूम, जिथे गप्प राहणं सर्वांत महाग पडतं. समजा तीन भाऊ, एक बहीण. गावाकडचा वाडा आणि शेती. बहिणीने वाटणीचा दावा लावला. कोर्टाने आधी ठरवलं की चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. याला म्हणतात प्राथमिक हुकूमनामा. यानंतर प्रत्यक्ष जमिनीचे तुकडे पाडायचे, कुणाला कुठली खोली ते ठरवायचं. सरकारसारा भरणाऱ्या शेतजमिनीचं हे काम कलेक्टरकडे जातं, घराचं कोर्ट कमिशनरकडे. त्याला वर्षं लागतात. शेवटी अंतिम हुकूमनामा.

थोरल्या भावाला वाटतं, 'अजून वाटणी कुठे झालीय? अंतिम होऊ दे, मग बघू.' इथेच तो फसतो! संहितेचं कलम ९७ सांगतं की प्राथमिक हुकूमनाम्यावर मुदतीत अपील केलं नाही, तर त्यात ठरलेली गोष्ट पुढे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात उकरता येणार नाही. कलम १०५ची सवलत इथे नाही. हिस्सा किती, हा वाद प्राथमिक हुकूमनाम्याच्या वेळीच संपतो. नंतर भांडता येतं ते फक्त कुठला तुकडा कुणाला यावर.

मुलींच्या बाबतीत मात्र कायद्याने एक खिडकी उघडली. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. पण जिथे जुन्या कायद्याप्रमाणे प्राथमिक हुकूमनामा होऊन गेला होता तिथे काय? ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अंतिम हुकूमनामा व्हायचा असेल तर अशा दाव्यांत मुलींना नव्या कायद्याचा हिस्सा द्यावा लागेल. भावाने अपील न करण्याची ही सबब नव्हे. कायदा मध्ये बदलला म्हणून मिळालेली ही सूट आहे. पण ज्या बहिणींना 'तुझं आता काही राहिलं नाही' असं सांगून गप्प बसवलं गेलं, त्यांनी आपल्या दाव्याची फाइल कुठवर आलीय हे एकदा तपासून पाहावंच.

सात वर्षं चाललेली 'तात्पुरती' पोटगी

कोर्टातला सर्वांत तातडीचा मधला हुकूम कुठला? आमच्या मते पोटगीचा. निकालापर्यंत घर चालायला हवं, मुलाची फी भरायला हवी, म्हणून मिळणारी अंतरिम पोटगी. पोट काही पुढची तारीख घेत नाही.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातलं एक प्रकरण पाहा. २०१३ साली पत्नीने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. ऑगस्ट २०१५ मध्ये हुकूम झाला: पत्नीला दरमहा १५ हजार रुपये, मुलाला आधी ५ हजार आणि मग १० हजार. हा मधला हुकूम होता. पतीने त्याविरुद्ध मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट केलं. ते २०१८ मध्ये फेटाळलं गेलं. तिथून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल आला आणि मूळ हुकूम जसाच्या तसा कायम राहिला. म्हणजे जे तात्पुरतं होतं त्याच्यावरच सात वर्षं गेली! दुसरीकडे, अशा अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लावावा, असं कायद्याचं पुस्तक सांगत होतं.

या प्रकरणाने मात्र इतरांचं भलं केलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात साऱ्या देशातल्या कोर्टांसाठी नियम घालून दिले. नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. प्रतिज्ञापत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करायचा. तुमचा अर्ज रेंगाळत असेल तर वकिलाला २०२०च्या या नियमांची आठवण करून द्या.

अंतरिम पोटगीवर अपील चालतं का? कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १९ मधल्या हुकुमांवरचं अपील बंद करतं. हिंदू विवाह कायद्यातही १९७६ पासून अंतरिम पोटगीचं नाव अपिलाच्या यादीत नाही. तरीही हा हुकूम 'मधला' धरायचा की नाही यावर निरनिराळ्या हायकोर्टांनी निरनिराळी मतं दिली आहेत. तेव्हा एका राज्यातल्या मावसबहिणीचा अनुभव दुसऱ्या राज्यात लागू पडेलच असं नाही.

घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात चित्र वेगळं. २००५च्या त्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावर ३० दिवसांत सेशन्स कोर्टात अपील करता येतं. यात अंतरिम हुकूमही येतात, असं मुंबई हायकोर्टाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. घरातून बाहेर काढू नका, खर्चाला पैसे द्या, अशा हुकुमांवर दोन्ही बाजूंना अपील आहे. नुसत्या तारखा देणं, नोटीस काढणं अशा कामकाजाच्या हुकुमांवर मात्र नाही. एकाच जोडप्याच्या एकाच भांडणात अर्ज कुठल्या कायद्याखाली केलाय यावर पुढची वाट ठरते. हे सरळ नाही, मान्य. पण आहे ते असं आहे.

पुण्याचे लिमये, रायपुरचे शुक्ल

फौजदारी खटल्यात तर मधल्या हुकमांवर कायद्याने जवळजवळ कुलूपच लावलं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितलं की मधल्या हुकुमाविरुद्ध रिव्हिजन चालणार नाही. कारण तेच, खटले रखडतात. पण 'मधला' म्हणजे नेमका कुठला? याचं उत्तर दोन राजकारण्यांच्या खटल्यांतून मिळालं आणि गंमत म्हणजे दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

१९७४ साली पुण्यात जन्मलेले समाजवादी खासदार मधू लिमये यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन महाराष्ट्राचे तेव्हाचे कायदामंत्री बॅ. अंतुले यांच्यावर आरोप केले. सरकारने सरकारी वकिलामार्फत लिमयेंवर मुंबईत बदनामीचा खटला भरला. 'असा खटला सरकारी वकील भरूच शकत नाही' ही त्यांची हरकत फेटाळली गेली, आरोप निश्चित झाला. ते हायकोर्टात गेले तर उत्तर मिळालं, हा मधला हुकूम आहे, रिव्हिजन नाही. ३१ ऑक्टोबर १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुलूप थोडं सैल केलं. जी हरकत मान्य झाली तर खटलाच संपेल, ती फेटाळणारा हुकूम निव्वळ मधला नव्हे. आणि न्यायाची उघड थट्टा होत असेल तर हायकोर्टाचा अंगभूत अधिकार हे कुलूप अडवू शकत नाही. आरोप अंतुलेंच्या व्यक्तिगत वागण्याबद्दलचे होते, मंत्री म्हणून केलेल्या कामाबद्दलचे नव्हेत, म्हणून सरकारी वकिलाचा खटला टिकला नाही. लिमये सुटले.

दोनच वर्षांनी पाळी आली रायपुरचे विद्याचरण शुक्ल यांची. आणीबाणीतले माहिती आणि नभोवाणी मंत्री. जनता सरकारने आणीबाणीतल्या गैरप्रकारांसाठी १९७९ साली विशेष न्यायालयांचा कायदा केला. त्या कायद्यात अपील थेट सर्वोच्च न्यायालयात होतं, पण मधल्या हुकुमावर नाही. शुक्लांवर आरोप निश्चित झाल्यावर त्यांनी अपील केलं. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. खटले झटपट संपावेत म्हणूनच हा कायदा झालाय, तेव्हा इथे आरोपनिश्चिती हा मधलाच हुकूम! शब्द एकच, पण कायदा कशासाठी केलाय यावरून त्याचा अर्थ रुंद झाला किंवा आखडला.

लिमयेंची कसोटी आजही वापरात आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. रिव्हिजनचं कलम ३९७ होतं ते ४३८ झालं, हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराचं ४८२ होतं ते ५२८. कुलूप आणि किल्ली दोन्ही तशाच राहिल्या.

स्टे आपोआप मिळत नाही

सर्वांत मोठा गैरसमज हा की अपील दाखल झालं म्हणजे खालचं काम थांबलं. नाही. संहिता स्वच्छ सांगते की नुसत्या अपिलाने स्थगिती मिळत नाही. स्टेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि कोर्टाला कारण पटावं लागतं. पोटगीविरुद्ध वर गेलो म्हणून पोटगी थांबवणारे नवरे यातच अडकतात. थकबाकी चढत जाते आणि वसुलीची नोटीस दारात येते.

स्टे मिळाला तर तो किती दिवस? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की चालू खटल्यांवरचा स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठेल. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द केलं. आता स्टे आपोआप उठत नाही, उठवायचा तर समोरच्या पक्षाने अर्ज करून उठवून घ्यावा लागतो. एखादा स्टे वर्षानुवर्षं धूळ खात पडला असेल तर तो तसाच पडून राहतो, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

मुदतीचंही पाहून ठेवा. दिवाणी हुकुमावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, हायकोर्टात ९० दिवसांत. रिव्हिजनला ९० दिवस. कुटुंब न्यायालयाच्या कायद्यात ३० दिवस लिहिलेत आणि हिंदू विवाह कायद्यात ९०. कुठले धरायचे यावर कोर्टात काथ्याकूट झालेला आहे, तुम्ही ३० धरून चाला. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला जितका वेळ लागतो तितका मुदतीतून वजा होतो, पण नकलेचा अर्ज मुदतीत केला असला तरच. हुकूम झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. अपील करायचं की नाही ते घरी जाऊन ठरवा.

आणि हुकूम तुमच्या बाजूने लागला असेल? मग पेढे वाटण्याआधी वकिलाला कॅव्हेट दाखल करायला सांगा. समोरचा वर गेला तर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी स्टे मिळू नये, यासाठीची ही साधी अर्जवजा सूचना. ती ९० दिवस टिकते, मग पुन्हा द्यावी लागते. ज्या कोर्टात समोरचा जाण्याची शक्यता आहे त्याच कोर्टात ती द्यायची. रायपुरच्या जिल्हा कोर्टात दिलेलं कॅव्हेट बिलासपूरला उपयोगाचं नाही.